पायात बांधलेली नोंद

वसई रोडहून दिव्याला जाणारी गाडी जूचंद्र आणि कामण मागे टाकून खारबावला थांबते. पुढचं स्थानक भिवंडी रोड. भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं एवढंच डोळ्यांसमोर येतं, पण या मार्गावर खिडकीशी बसलेल्याला वेगळाच मुलूख दिसतो. खाडीकडे तिवरांची काळपट हिरवी रांग, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि दोन्हींच्या मध्ये, रुळाच्या भरावाखाली पाणी साचतं तिथे पाणकणसाचे दाट पट्टे. या पट्ट्यांना कुणी जंगल म्हणत नाही. सातबारावर त्यांची कसली शोभिवंत नोंद नसते. भाताचं पीक निघालं की शेतकऱ्याचं लक्ष वाल-भाजीकडे वळतं आणि पाणकणसाकडे बघणारं कुणी उरत नाही.

नवरात्राच्या आसपास तिथे पाहुणे उतरू लागतात. त्यातला एक मला सगळ्यांत जवळचा वाटतो: ब्लिथचा बोरू वटवट्या. वजन दहा-बारा ग्रॅम. वरून मळकट तपकिरी, खालून फिकट, डोळ्यावर पुसट भुवई. झुडपाच्या आत राहून तो 'टक्, टक्' असा कोरडा आवाज काढत असतो, आणि बहुतेक वेळा त्याची ओळख या आवाजावरच पटवावी लागते. फिनलंडपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात त्याची वीण होते आणि हिवाळा तो भारतीय उपखंडात काढतो. एडवर्ड ब्लिथ कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. त्याने १८४९ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. आज आपल्याकडच्या बागेत, नाल्याकाठी, रेल्वेच्या कुंपणाशी असा पक्षी दिसला, की नोंदवहीत त्याचंच नाव लिहिलं जातं. बहुतेकदा ते बरोबरही असतं.

पण सगळ्याच वेळा नाही, आणि या लेखाचा विषय तिथेच सुरू होतो. या तपकिरी पाहुण्यांमध्ये एकमेकांसारखे दिसणारे अनेक जण आहेत. दंगेखोर वटवट्या आकाराने मोठा आणि आवाजाने उघडा पडणारा, त्याची फारशी अडचण नाही. धान वटवट्याच्या भुवईला वर गडद कड असते. उजेड चांगला असला तर तोही ओळखता येतो. साईक्सचा वटवट्या मात्र चांगल्या जाणकाराला थांबवतो. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. गावांची, पिकांची, माणसांची मोजदाद करता करता त्याने इथले पक्षीही मोजले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या यादीत एका छोट्या, रंगहीन पक्ष्याला त्याने 'रामा' हे नाव दिलं. पुढे दीर्घ काळ तो एका दुसऱ्या वटवट्याची उपजात म्हणूनच धरला गेला. स्वतंत्र जातीचा मान त्याला अगदी अलीकडे मिळाला. महाराष्ट्राच्या पठारावर पहिली ओळख मिळालेला पक्षी दीडशेहून अधिक वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली राहिला.

आणि मग तो चौथा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या, अ‍ॅक्रोसेफॅलस ओरिनस. जगातला सर्वांत कमी माहिती असलेला पक्षी, असं त्याचं वर्णन कित्येक वर्षं केलं जायचं. त्याची गोष्ट सांगण्याआधी असा पक्षी ओळखतात कसा, हे नीट बघायला हवं. दुर्बिणीतून तो पुरता ओळखता येत नाही. त्याला हातात घ्यावं लागतं.

पक्षी पकडण्याचं काम सूर्योदयापूर्वी सुरू होतं. मिस्ट नेट म्हणजे बारीक काळ्या धाग्याची, दोन काठ्यांमध्ये उभी ताणलेली जाळी. तिला आडवे दोर असतात आणि प्रत्येक दोराखाली जाळी थोडी सैल सोडलेली असते, त्यामुळे तिथे झोळी तयार होते. मागे झाडी असली तर जाळी दिसतच नाही. पक्षी तिच्यावर आपटतो आणि अलगद झोळीत पडतो. जाळी लावून निघून जाणं हा अक्षम्य गुन्हा. ठरावीक अंतराने फेरी मारावीच लागते. ऊन चढू लागलं किंवा पाऊस आला की जाळी मिटावी लागते. मांजर, मुंगूस, खंड्या यांच्यावरही नजर ठेवावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय असं जाळं लावणं हा गुन्हा आहे. हे ठासून सांगतो, कारण हौसेने जाळी विकत घेऊन पक्षी धरणाऱ्याला पक्षीशास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

जाळीतून पक्षी सोडवणं ही या कामातली खरी विद्या. ज्या बाजूने तो शिरला ती बाजू आधी शोधायची, पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. घाई केली की पंखाचा सांधा दुखावतो. सोडवलेला पक्षी सुती पिशवीत जातो, अंधारात शांत होतो. टेबलाशी आल्यावर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत त्याची मान येते आणि पाठ तळहातावर टेकते. या पकडीत त्याची छाती दाबली जात नाही. पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावी लागते, म्हणून छातीवर दाब म्हणजे मृत्यू.

पहिलं काम कडं घालण्याचं. मोजमाप नंतर. पक्षी मध्येच निसटला तरी निदान कडं पायात राहतं. वटवट्यासाठी लागणारं कडं दोन-अडीच मिलिमीटर व्यासाचं, हलक्या धातूचं, त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्यावर एक क्रमांक असतो, जो जगात दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याच्या पायात नाही, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असा मजकूर. खास भोकं पाडलेल्या पक्कडीने ते मिटवतात. दोन टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, मध्ये फटही राहता कामा नये, आणि ते पायावर मोकळं फिरलं पाहिजे.

त्यानंतर ओळख. पंखाची लांबी मोजायला एका टोकाशी अडसर असलेली पट्टी लागते. मिटलेल्या पंखाचा सांधा अडसराला टेकवून टोकापर्यंतचं अंतर वाचायचं. चोच कवटीपासून टोकापर्यंत व्हर्नियर कॅलिपरने. मागच्या बोटाचं नख वेगळं. मग पंख पंख्यासारखा उघडायचा आणि टोकाकडची मोठी पिसं एकेक मोजायची. सर्वांत बाहेरचं पीस इवलंसं असतं. त्याच्या आतलं दुसरं पीस लांबीला सहाव्या, सातव्या, आठव्या अशा कुठल्या पिसाच्या जवळ येतं, कोणत्या पिसाची बाहेरची कड मध्येच निमुळती होते, दुसऱ्या पिसाच्या आतल्या कडेवरची खाच किती खोल आहे, या सगळ्याचा मिळून त्या पंखाचा आराखडा बनतो. जाणकार तो आराखडा वाचून पक्ष्याचं नाव सांगतात. ब्लिथचा आणि मोठ्या चोचीचा, दोघे शेजारी ठेवले तर रंगात फरक सापडत नाही. फरक असतो चोचीच्या लांबी-रुंदीत, मागच्या नखात, पंखाच्या गोलाईत आणि शेपटीच्या पिसांच्या टोकात. मोठ्या चोचीच्याची शेपटीची पिसं अधिक टोकदार, पंख आखूड आणि गोलसर. सगळा मामला मिलिमीटरांचा.

शेवटी छातीच्या पिसांवर हळूच फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि गळ्याखालच्या खळग्यात पिवळी चरबी दिसते. ती किती आहे यावरून पक्षी लवकरच लांबच्या प्रवासाला निघणार की अजून मुक्काम करणार, याचा अंदाज येतो. वजन, पिसं झडण्याची अवस्था, पंखाचा फोटो, आणि परवानगी असेल तर डीएनएसाठी एखादं पीस. सराईत हातांना हे करायला काही मिनिटं पुरतात. मग मूठ उघडायची.

आज आपल्याकडे कॅमेरे उत्तम आहेत आणि फोटोंमुळे पक्ष्यांच्या नोंदींचा पसारा किती वाढला हे मी बघतो आहे. त्या नोंदींची किंमत मला कळते. पण फोटोतून मागच्या बोटाचं नख मोजता येत नाही आणि दुसऱ्या पिसाची खाच दिसत नाही. काही पक्षी असे आहेत की त्यांचं नाव हातातच ठरतं.

आता ती गोष्ट. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या रामपूरजवळ, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने एक छोटा तपकिरी पक्षी मिळवला. ह्यूम आपल्याला ठाऊक आहे तो काँग्रेसचा संस्थापक म्हणून. त्या काळात तो अंतर्गत जकात खात्याचा प्रमुख होता. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात शेकडो मैल उभं केलेलं काटेरी कुंपण त्याच्या ताब्यात होतं. मीठ आणि कर यांच्या हिशेबात दिवस घालवणारा हा माणूस मनाने पक्ष्यांचा होता. त्याने हिंदुस्थानभर माणसं जोडली, नमुने मागवले, १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक चालवलं आणि सिमल्याच्या जाखू टेकडीवरच्या आपल्या घरात आशियातला सर्वांत मोठा पक्षीसंग्रह उभा केला.

सतलजच्या त्या पक्ष्याचं वर्णन त्याने १८६९ मध्ये प्रसिद्ध केलं. मोठी चोच, गोल पंख. दिलेलं नाव आधीच दुसऱ्या पक्ष्यासाठी वापरलेलं निघालं, म्हणून १९०५ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ हॅरी ओबरहोल्झरने त्याला 'ओरिनस' हे नवं नाव दिलं. पण पक्षी पुन्हा कुणाला सापडला नाही. एकच कातडी. एका नमुन्यावर एक जात उभी कशी करायची? कुणी म्हणालं, हा दंगेखोर वटवट्याचाच एखादा स्थानिक प्रकार. कुणी म्हणालं, ब्लिथचाच विचित्र नमुना. शंका रास्त होत्या.

ह्यूमचं पुढे काय झालं ते पक्षीप्रेमींना अजून हळहळायला लावतं. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्याने वर्षानुवर्षं लिहिलेली हस्तलिखितं सिमल्यात एका नोकराने रद्दी म्हणून विकून टाकली. तो खचला. १८८५ मध्ये त्याने सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला: सुमारे ६३ हजार पक्ष्यांच्या कातड्या आणि १९ हजार अंडी. रिचर्ड बाउडलर शार्प हा म्युझियमचा पक्षीतज्ज्ञ त्यासाठी खुद्द सिमल्याला आला आणि पेट्या भरून घेऊन गेला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ह्यूमच्या आयुष्याचं एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं. रामपूरचा वटवट्या त्या पेट्यांतून इंग्लंडला गेला. नमुन्याच्या पायाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि जागा. ती चिठ्ठी शाबूत राहिली.

२००२ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातला स्टाफान बेन्श आणि ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ डेव्हिड पिअर्सन यांनी त्या १३५ वर्षं जुन्या नमुन्याच्या डीएनएचा तपास केला. निकाल स्पष्ट होता: ही स्वतंत्र जात आहे. ह्यूमची नजर बरोबर होती. गोल, आखूड पंख पाहून तज्ज्ञांनी एक तर्कही मांडला, की हा पक्षी लांबचा प्रवासी नसावा. दूरवर जाणाऱ्या पक्ष्यांचे पंख बहुधा लांब आणि टोकदार असतात, म्हणून तर्क वाजवी होता.

त्यानंतर चारच वर्षांनी, २७ मार्च २००६ रोजी, पक्षीतज्ज्ञ फिलिप राउंड थायलंडमध्ये फेचबुरी प्रांतातल्या लाम फाक बिया इथे नेहमीप्रमाणे पक्ष्यांना कडी घालत होता. या जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ते अभयारण्य नाही. फेचबुरी शहराचं सांडपाणी तिथे नळातून आणतात, तळ्यांतून आणि तिवरांमधून फिरवून नैसर्गिक रीतीने शुद्ध करतात. समुद्रकाठची ती खारट, दलदलीची, शहराच्या घाणीची जागा. राउंडच्या जाळीत एक वटवट्या आला. हातात घेतल्यावर त्याची चोच लांब आणि पंख आखूड वाटले. जगभरच्या बोरू वटवट्यांची मापं ज्याला पाठ आहेत, अशाच माणसाला हे खटकतं. त्याने मापं घेतली, फोटो काढले, दोन पिसं घेतली, कडं घातलं आणि पक्षी सोडून दिला. पिसं लुंडला बेन्शकडे गेली. बेन्शकडे ह्यूमच्या नमुन्याचा डीएनए होताच. दोन्ही जुळले. १३९ वर्षांनी तो पक्षी जिवंत हाती आला होता. ही बातमी २००७ च्या मार्चमध्ये जगाला कळली.

माझ्या दृष्टीने या गोष्टीचा गाभा इथे आहे. २००६ चा पक्षी हातात नसता तर प्रश्नच उभा राहिला नसता. आणि १८६७ चा नमुना, त्याच्या पायातल्या चिठ्ठीसह, कुणी जपला नसता, तर २००६ च्या पक्ष्याला नाव मिळालं नसतं. रामपूर आणि फेचबुरी यांना जोडणारा धागा म्हणजे पायात बांधलेल्या दोन नोंदी.

मग ओघ सुरू झाला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात, जिथे ह्यूमचा संग्रह आता आहे, ब्लिथच्या वटवट्यांच्या खणात आणखी एक ओरिनस निघाला. हिंदुस्थानातच १८६९ मध्ये मिळवलेला, चुकीच्या नावाखाली ठेवलेला. २००८ मध्ये स्वीडिश तज्ज्ञ लार्स स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या संग्रहालयांतून असे दहा नमुने शोधून काढले. त्यातले कित्येक मध्य आशियातले होते. म्हणजे पक्षी सापडत नव्हता असं नाही. तो कित्येकांच्या हाती आला होता, पण चुकीच्या नावाने खणात गेला होता.

आणि अफगाणिस्तान. वाखानचा चिंचोळा पट्टा, एका बाजूला पामीर, दुसऱ्या बाजूला हिंदुकुश. तिथे २००८ मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीसाठी पाहणी करताना रॉबर्ट टिमिन्सने नदीकाठच्या झुडपांत गाणाऱ्या एका वटवट्याचं ध्वनिमुद्रण केलं. गाणं ऐकून आणि संग्रहालयातले नमुने पाहून तो ओरिनस असल्याचं ध्यानात आलं. २००९ मध्ये अफगाण सहकाऱ्यांसह जाळ्या लावून सुमारे वीस पक्षी धरले, तपासले, सोडले. डीएनएने शिक्कामोर्तब केलं. युद्धात होरपळणाऱ्या देशात जगातल्या सर्वांत अज्ञात पक्ष्याचं विणीचं घर सापडलं. त्याच वर्षी पंज नदीच्या पलीकडे, ताजिकिस्तानच्या बदख्शानमध्येही तो वीण घालताना आढळला. अफगाण सरकारने २०१० मध्ये त्याला संरक्षित जातींच्या यादीत घेतलं, आणि २०१४ मध्ये वाखान राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. पामीरच्या पायथ्याशी जन्मणारा हा पक्षी थायलंडच्या किनाऱ्यापर्यंत जातो. म्हणजे गोल पंखांवरून बांधलेला तर्क पक्ष्याने स्वतःच मोडून काढला.

महाराष्ट्राला अशी गोष्ट नवी नाही. आपला रानपिंगळा आठवा. तोही ह्यूमचाच. १८७३ मध्ये त्याने त्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजून सात कातड्या, आणि त्यातली शेवटची खरी नोंद १८८४ ची, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात केलेली. त्यानंतर एकच नोंद होती: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नावाजलेल्या इंग्रज संग्राहकाची, १९१४ साल, गुजरातमधलं मांडवी. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक शोधत राहिले आणि काही सापडलं नाही. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं, की माइनर्ट्‌झहागेनने डेव्हिडसनचाच नमुना संग्रहालयातून चोरला होता, पुन्हा पेंढा भरून त्याचं रूप बदललं होतं आणि त्याला खोटी तारीख, खोटी जागा चिकटवली होती. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ, त्यांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली, आणि २०१४ मध्ये तर तो आपल्या ठाणे-पालघरच्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईचं पिण्याचं पाणी जिथून येतं त्या रानात.

एका खोट्या चिठ्ठीने शोध भलत्या दिशेला नेला आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो जाग्यावर आणला. माझा रोख पक्ष्यापेक्षा नोंदीवर का आहे, ते यातून कळावं. दुर्मीळ पक्षी दिसल्याचा आनंद मोठा असतो आणि तो मिरवावासा वाटतो. पण शंका असताना 'शंका आहे' असं लिहिणारा निरीक्षक मला शंभर दुर्मीळ नोंदी करणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

पायात कडं घालण्याचं शास्त्र तसं तरुण आहे. डेन्मार्कच्या व्हिबॉर्गमधल्या हान्स ख्रिश्चन मोर्टेनसेन या शिक्षकाने १८९९ मध्ये साळुंक्यांच्या नात्यातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांक आणि पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली, तिथून त्याची पद्धतशीर सुरुवात. हिंदुस्थानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९२७ मध्ये धार संस्थानात हे काम सुरू केलं. पण त्याला खरा वेग आला तो एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याचा विषाणू वेगळा केला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या लोकांना हा रोग आता माकडताप म्हणून पुरता ठाऊक आहे. हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला, आणि शंका आली: सैबेरियातून येणारे पक्षी गोचिडांसोबत तो इथे आणतात का? डॉ. सालिम अली यांनी ही संधी हेरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून बीएनएचएसचा पक्षी-स्थलांतराचा मोठा अभ्यास उभा राहिला. परदेशी पैशाभोवती, विशेषतः अमेरिकी लष्कराशी संबंधित निधीभोवती, १९७० च्या दशकात संसदेपर्यंत वाद गेला आणि सालिम अलींना त्याचा मनस्ताप झाला. पक्ष्यांनी तो विषाणू आणला हे सिद्ध झालं नाही. पण भरतपूरच्या बदकांची कडी सोव्हिएत रशियातून परत येऊ लागली, तमिळनाडूतलं कोडियक्कराई हे कडी घालण्याच्या कामाचं, म्हणजे रिंगिंगचं, मोठं केंद्र झालं, आणि गेल्या शतकभरात काही लाख पक्ष्यांच्या पायात ही कडी गेली.

आता कड्याची जागा काही पक्ष्यांपुरती यंत्रांनी घेतली आहे. २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाण्याच्या खाडीत सहा रोहित पक्ष्यांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं लावली. त्यातल्या एकाचं नाव सालिम, एकाचं हुमायूं: मुंबईच्या परिसरातल्या पक्ष्यांवर सालिम अलींबरोबर काम केलेल्या हुमायूं अब्दुलालींची आठवण म्हणून. पण रोहित किलो-दोन किलोंचा. दहा ग्रॅमच्या वटवट्याच्या पाठीवर असं ओझं देता येत नाही. त्याच्यासाठी अजून ते बारीकसं कडंच आहे, आणि छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांची कडी शंभरात एकही परत मिळत नाही. म्हणून हे काम एखाद्या हिवाळ्याचं नसतं. त्याच जागी, त्याच महिन्यांत, तेवढ्याच जाळ्या लावून वर्षानुवर्षं केलं, तरच त्यातून काही कळतं.

खारबाव मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लाम फाक बियामुळे. शहराच्या सांडपाण्याच्या कडेला जर जगातला सर्वांत अज्ञात पक्षी मिळू शकतो, तर आपल्या खाड्यांच्या कडेला साचलेल्या, नाव नसलेल्या पाणकणसाच्या पट्ट्यांना आपण कोणत्या तोंडाने निरुपयोगी म्हणतो? ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, कारण तिथे गुलाबी थवे लांबून दिसतात. उल्हासच्या खाडीकाठचा तपकिरी वटवट्या लांबून दिसत नाही. त्याच्यासाठी कुणी बोट भाड्याने घेत नाही. पण स्थलांतराच्या वाटेवर तोही आहे, आणि हात लावून त्याची ओळख पटवण्याची गरज त्याच्या बाबतीत अधिक आहे.

या पट्ट्यावर ताण मोठा आहे. वसई-दिवा मार्गाला लागून मालगाड्यांचा समर्पित मार्ग आला; भिवंडी तालुक्यातच अंजूर-भरोडीला बुलेट ट्रेनचं आगार होतं आहे; विरार-अलिबाग मार्गिकेची आखणी याच भागातून जाते. काल्हेर, पूर्णा, मानकोलीकडून गोदामं पसरत येत आहेत आणि प्रत्येक गोदामाआधी खाचरावर मातीचा भराव पडतो. भरावाने आधी जातं ते पाणकणीस, कारण ते सर्वांत खोलगट जागी असतं आणि त्याला मालक नसल्यासारखाच असतो. रोजगार हवा, रेल्वे हवी, याबद्दल माझी तक्रार नाही; या भागातल्या आगरी आणि आदिवासी कुटुंबांनी शहराच्या वाढीचा भार आधीच पुष्कळ वाहिला आहे. माझी मागणी लहान आहे. नवा भराव टाकताना रुळाकडेच्या आणि खाडीकडेच्या दलदलीचा काही पट्टा सलग राखून ठेवावा, त्यात सांडपाणी थेट न सोडता लाम फाक बियासारखं गाळून सोडावं, आणि बीएनएचएससारख्या संस्थेने वनखात्याच्या परवानगीने ऑक्टोबर ते एप्रिल तिथे कायमस्वरूपी रिंगिंग चालवावं. ठाणे, भिवंडी, वसईतल्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकणारी मुलं आहेत. पंखाचा आराखडा वाचायला ती पुस्तकातून शिकणार नाहीत. पहाटे जाळीवर उभं राहूनच शिकतील.

आणि कडं कुणाला सापडलं तर? मेलेला पक्षी रुळाकडेला, बांधावर, मांजराच्या तोंडात, कुठेही सापडू शकतो. पायात धातूची वळी दिसली तर क्रमांक पूर्ण, एकही अक्षर न गाळता उतरवून घ्यावा, शक्य तर फोटो काढावा, तारीख आणि नेमकी जागा लिहावी. जिवंत पक्ष्याच्या पायातलं कडं काढू नये. ही माहिती मुंबईत शहीद भगतसिंग रोडवरच्या हॉर्नबिल हाउसला, बीएनएचएसकडे पाठवावी. कडं परदेशी असलं, तरी तिथूनच ते योग्य देशात कळवलं जातं, आणि पक्ष्याला ते कुठे आणि कधी घातलं होतं याचं उत्तर नोंद पाठवणाऱ्याला येतं.